छोट्या विमानतळावरून छोट्या विमानतळावर: अंतर आणि खरा प्रवासवेळ कसा काढायचा

आईला गोंदियाहून जगदलपूरला ताईकडे न्यायचं होतं. मी नागपुरात बसून मोबाइलवर दोन्ही विमानतळांची नावं टाकली आणि एका संकेतस्थळाने लगेच उत्तर दिलं: अंतर ३२८ किलोमीटर, उड्डाणवेळ ५५ मिनिटं. मी आईला फोन करून सांगून टाकलं, "सकाळी चहा घेऊन निघ, जेवायला ताईकडे पोचशील." आई ताईच्या दारात पोचली ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. मधली रात्र हैदराबादच्या एका लॉजमध्ये गेली, आणि तिथलं भाडं, नवं तिकीट, टॅक्सी धरून मूळ तिकिटापेक्षा जास्त पैसे गेले.

त्या संकेतस्थळाने सांगितलेला ३२८ चा आकडा बरोबरच होता. त्याचा अर्थ मला कळला नव्हता. त्यानंतर मी आईची, भाचीची आणि शेजारच्या काकूंच्या मुलाची मिळून बऱ्याच प्रवासांची आखणी केली. आपल्या विदर्भातली कितीतरी माणसं बस्तरात, ओडिशात, ईशान्येकडे नोकरीला आहेत आणि त्यांच्या घरचे पहिल्यांदाच असा प्रवास करतात. त्यांच्यासाठी हे सगळं क्रमाने लिहीत आहे.

हाताशी एवढं ठेवा: वही-पेन, मोबाइलमधला कॅल्क्युलेटर, गुगल अर्थ किंवा गुगल मॅप्स, कॅलेंडर, आणि ज्या विमान कंपनीने जायचं तिचं स्वतःचं संकेतस्थळ किंवा ॲप. जोडणीची विमानं शोधण्यासाठी तिकिटं विकणारी इतर ॲपही बघा, पण पैसे भरण्याआधी वेळ आणि वार कंपनीच्याच ॲपवर पडताळा.

१. आधी विमानतळ नक्की करा

फोनवर "जगदलपूर" आणि "जबलपूर" यात किती फरक ऐकू येतो, हे एकदा स्वतः म्हणून बघा. नागपूरकरांच्या तोंडात जबलपूर इतकं बसलेलं आहे की समोरचा तेच ऐकतो. जबलपूर आपल्या उत्तरेला मध्य प्रदेशात, जगदलपूर आग्नेयेला छत्तीसगडच्या बस्तरात. मी ज्या एजंटाकडे गेले होते त्यानेही पहिल्यांदा जबलपूरचे दर काढून दाखवले होते.

म्हणून गावाच्या नावावर न जाता तीन अक्षरी कोड बघा. नागपूरचा एनएजी, गोंदियाचा जीडीबी, जगदलपूरचा जेजीबी, जबलपूरचा जेएलआर. तिकिटावर हाच कोड असतो. चार अक्षरी कोड वेगळा, तो वैमानिक आणि नियंत्रण कक्ष वापरतात, नागपूरचा व्हीएएनपी. अंतर काढणाऱ्या काही संकेतस्थळांवर तो विचारतात, तेव्हा गोंधळू नका.

दुसरी अडचण म्हणजे विमानतळाचं नाव अनेकदा शेजारच्या गावाचं असतं. गोंदियाचा विमानतळ बिरसीला आहे, अमरावतीचा बेलोऱ्याला, आपला नागपूरचा सोनेगावला. जगदलपूरच्या विमानतळाचं नाव माँ दंतेश्वरी विमानतळ. नकाशावर गावाच्या मधोमध बोट ठेवलंत तर मोजणी तिथूनच चुकायला लागते.

तिसरा सापळा मोठा आहे. धावपट्टी असणं आणि प्रवासी विमान असणं या दोन वेगळ्या गोष्टी. चंद्रपूरजवळ मोरव्याला धावपट्टी आहे, अकोल्याला शिवणीला आहे. अंतर काढणारं संकेतस्थळ तिथूनही तुम्हाला उड्डाणवेळ मिनिटांसकट काढून देईल, कारण त्याला फक्त दोन बिंदू माहीत असतात. त्या आकड्याखाली विमान आहे की नाही, हे ते बघत नाही.

२. सरळ रेषेचं अंतर काढा

गुगल मॅप्स कॉम्प्युटरवर उघडा, पहिल्या विमानतळाच्या धावपट्टीवर उजवं बटण दाबा, अंतर मोजण्याचा पर्याय निवडा आणि दुसऱ्या धावपट्टीवर क्लिक करा. झालं. गुगल अर्थमध्ये पट्टीचं चिन्ह असतं, तेही चालतं. दोन्ही ठिकाणी पृथ्वीचा गोलावा धरूनच मोजणी होते.

तरीही एकदा हाताने करून बघा असं मी सांगेन, कारण मग कोणी चुकीचा आकडा दिला तर लगेच खटकतो. दहावीचं पायथागोरस आठवत असेल तर पुरे. अक्षांशाचा एक अंश म्हणजे साधारण १११ किलोमीटर. रेखांशाचा एक अंश विषुववृत्तावर तेवढाच असतो, पण उत्तरेकडे येताना आकसत जातो. नागपूरच्या पट्ट्यात तो साधारण १०४ किलोमीटर भरतो.

गोंदिया (बिरसी): अक्षांश २१.५३, रेखांश ८०.२९.
जगदलपूर: अक्षांश १९.०७, रेखांश ८२.०४.

अक्षांशातला फरक २.४६, गुणिले १११ म्हणजे २७३ किलोमीटर दक्षिणेकडे. रेखांशातला फरक १.७५, गुणिले १०४ म्हणजे १८२ किलोमीटर पूर्वेकडे. दोघांचे वर्ग करून बेरीज १,०७,६५३. त्याचं वर्गमूळ ३२८. संकेतस्थळाने दिलेला आकडा तोच.

ही रीत चार-पाचशे किलोमीटरपर्यंत बिनधास्त वापरा. त्याहून लांबचं असेल, म्हणजे नागपूर ते दिब्रुगड वगैरे, तर संगणकालाच करू द्या. तिथे गोलाव्यामुळे फरक पडायला लागतो.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली, अंश-मिनिटं आणि दशांश यांची गल्लत. बिरसीचा अक्षांश काही ठिकाणी २१ अंश ३१ मिनिटं असा लिहिलेला असतो. तो २१.३१ नाही. ३१ ला ६० ने भागा, ०.५२ येतात, म्हणून २१.५२. सरळ २१.३१ धरलंत तर विमानतळ जागेवरून २३ किलोमीटर सरकतो. दुसरी चूक एककाची. आपल्या नागपूरच्या झिरो माइलच्या स्तंभावर अंतरं मैलांत कोरलेली आहेत, विमानवाले नॉटिकल मैल वापरतात, आणि संकेतस्थळं कधी हे कधी ते दाखवतात. एक मैल १.६०९ किलोमीटर, एक नॉटिकल मैल १.८५२ किलोमीटर. तेच ३२८ किलोमीटर कुठे २०४ दिसतील, कुठे १७७. आकडा बघण्याआधी त्याच्या शेजारचं एकक बघा.

३. अंतरावरून वेळ काढा, पण विमान बघून

मला मिळालेली ५५ मिनिटं आली कुठून, ते नंतर कळलं. अशी बरीच संकेतस्थळं ताशी ८०० किलोमीटर वेग धरतात आणि उड्डाण-उतरणीसाठी अर्धा तास मिळवतात. ३२८ भागिले ८००, म्हणजे २५ मिनिटं, अधिक ३०, बरोबर ५५. मोठ्या जेट विमानाला हे चालतं. नागपूर-मुंबई सरळ रेषेत ६८० किलोमीटरच्या आसपास आहे; याच सूत्राने १ तास २१ मिनिटं येतात आणि तिकिटावर साधारण दीड तास असतो. म्हणजे सूत्र वाईट नाही.

पण छोट्या विमानतळांवर बहुधा मोठं जेट उतरत नाही. तिथे पंख्याची विमानं येतात, आणि त्यांचा वेग असा धरा:

एटीआर ७२, सत्तर-अठ्ठ्याहत्तर आसनं: ताशी ५०० किलोमीटर.
डॉर्नियर २२८, सतरा-एकोणीस आसनं: ताशी ४०० किलोमीटर.
ट्विन ऑटर, एकोणीस आसनांपर्यंत: ताशी ३०० किलोमीटर.
एअरबस ए३२० सारखी जेट: ताशी ८०० किलोमीटर.

पंख्याच्या विमानासाठी माझं सूत्र: अंतर भागिले वेग, अधिक २५ मिनिटं. गोंदिया ते जगदलपूर थेट एटीआर असतं तर ३९ अधिक २५, म्हणजे १ तास ४ मिनिटं. ही २५ मिनिटं धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, खाली उतरणं, वळसे घालणं यात जातात. विमान कधीच पट्टीने आखलेल्या रेषेवर जात नाही. ठरलेल्या हवाई मार्गांनी जातं, आणि उतरताना वाऱ्याच्या दिशेप्रमाणे धावपट्टीच्या या टोकाला किंवा त्या टोकाला फिरून येतं.

तिकिटावर छापलेल्या दोन वेळांमधला फरक म्हणजे ब्लॉक टाइम. विमान जागेवरून हललं तिथपासून पुन्हा जागेवर थांबलं तिथपर्यंत. हवेतला वेळ त्याहून कमी असतो. आपल्याला कामाचा ब्लॉक टाइमच.

छोट्या अंतराला हे सूत्र किती उपयोगी आहे, त्याचं एक उदाहरण. दिब्रुगड ते पासीघाट सरळ रेषेत फक्त ७२ किलोमीटर. १२ एप्रिल २०२२ ला याच मार्गावर भारतात बनवलेल्या डॉर्नियरचं पहिलं व्यावसायिक उड्डाण झालं. ७२ भागिले ४००, म्हणजे ११ मिनिटं, अधिक २५. छत्तीस मिनिटांचा हिशोब. काकूंच्या मुलाला अरुणाचलात नोकरी लागली तेव्हा हा आकडा बघून घरचे हरखले होते. पण नागपूरहून दिब्रुगडला पोचणं हाच खरा प्रवास होता, आणि शेवटच्या छत्तीस मिनिटांचं विमान रोज नव्हतं.

४. त्या रेषेवर विमान आहे का, आणि कोणत्या वारी

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा. माझी चूक इथेच झाली.

दोन छोट्या विमानतळांच्या मध्ये थेट विमान जवळजवळ कधीच नसतं. छोटा विमानतळ मोठ्याला जोडलेला असतो, मोठा दुसऱ्या छोट्याला. गोंदियातून जगदलपूरला जायचं तर आम्हाला हैदराबादला उतरावं लागलं. गोंदिया-हैदराबाद ५१४ किलोमीटर, हैदराबाद-जगदलपूर ४३२ किलोमीटर. एकूण ९४६. म्हणजे ३२८ किलोमीटरसाठी आईने जवळजवळ तिप्पट अंतर कापलं. आधी दक्षिणेला बरंच खाली, मग परत ईशान्येकडे वर. वहीवर हा त्रिकोण काढून बघा, एका नजरेत सगळं कळतं.

हे मार्ग इतके चंचल का असतात तेही समजून घ्या. छोट्या विमानतळांवरची बरीचशी सेवा केंद्र सरकारच्या उडान योजनेतून सुरू झाली. योजनेतलं पहिलं उड्डाण २७ एप्रिल २०१७ ला शिमला-दिल्ली असं झालं. यात काही आसनांचं भाडं बांधून दिलेलं असतं. सुरुवातीला साधारण तासाभराच्या, ५०० किलोमीटरच्या प्रवासाला २,५०० रुपये अशी मर्यादा होती. कंपनीची तूट सरकार भरून देतं, पण तीन वर्षांपुरतीच. पुढे प्रवासी पुरेसे नसले की मार्ग बंद पडतो. गोंदियातच बघा: मार्च २०२२ मध्ये प्रवासी सेवा सुरू झाली, थांबली, आणि डिसेंबर २०२३ मध्ये दुसऱ्या कंपनीने पुन्हा सुरू केली. म्हणून "मागच्या वर्षी मामा गेले होते ना विमानाने" यावर विसंबू नका.

वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं. उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी लागू होतं, हिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. दिवाळीच्या आसपासचं तिकीट उन्हाळ्यात काढलंत तर वेळ बदलल्याचा संदेश येण्याची शक्यता धरूनच चला. मोबाइल नंबर एजंटाचा न देता स्वतःचा द्या, नाहीतर तो संदेश त्याच्याकडे पडून राहतो.

वार तपासा. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ ला मुंबईची सेवा सुरू झाली, तीही सुरुवातीला आठवड्यातले तीनच दिवस. अशा दोन विमानतळांची जोडणी करायची असेल तर कॅलेंडर समोर ठेवा. एकीकडून सोमवार-बुधवार-शुक्रवार आणि दुसरीकडून मंगळवार-गुरुवार-शनिवार असेल तर प्रवासवेळ तासांत मोजायचाच नाही, मुक्काम धरून मोजायचा. कॅलेंडरवर पहिल्या विमानाचे दिवस निळ्या पेनने आणि दुसऱ्याचे लाल पेनने गोल करा. जिथे दोन्ही गोल एकाच तारखेवर पडतात, तेवढ्याच तारखा आपल्या.

५. जोडणीचं तिकीट एकच घ्या

आमच्या एजंटाने आईची दोन वेगवेगळी तिकिटं काढली. दोन पीएनआर, म्हणजे दोन वेगळे बुकिंग क्रमांक. हैदराबादला मधला वेळ १ तास १० मिनिटं. मला वाटलं, छान, आईला फार बसावं लागणार नाही.

डिसेंबरची सकाळ होती. मी आदल्या रात्रीच नागपूरहून गाडीने गोंदियाला गेले होते. बिरसीला पोचलो तेव्हा आजूबाजूच्या धानाच्या बांध्यांवर इतकं धुकं होतं की गाडीच्या दिव्यापुढे बांधाचं गवतसुद्धा पुसट दिसत होतं. आई काठीवर दोन्ही हात ठेवून खुर्चीत बसली होती. मांडीवर भाचीसाठी नेलेल्या चिन्नोर तांदळाची थैली, तिची गाठ ती पुन्हा पुन्हा सोडून बांधत होती. विमान दोन तास उशिरा निघालं. ती हैदराबादला उतरली तेव्हा जगदलपूरचं विमान गेलेलं होतं आणि त्या दिवशी दुसरं नव्हतं. सत्तरीची बाई, अनोळखी विमानतळ, फोनची बॅटरी संपत आलेली. ताईच्या ओळखीतलं एक कुटुंब तिथे होतं म्हणून तिला लॉजपर्यंत सोडणारं कोणी मिळालं.

कंपनीच्या खिडकीवर उत्तर एकच: दोन तिकिटं वेगळी, त्यामुळे दुसरं विमान चुकलं ही प्रवाशाची जबाबदारी. नियमाने ते बरोबर आहे, आणि म्हणूनच हे नीट वाचा.

दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर असतील तर पहिलं उशिरा आलं म्हणून दुसरं चुकल्यास पुढची सोय करण्याची जबाबदारी कंपनीवर येते, आणि सामानही थेट शेवटच्या गावापर्यंत जातं. वेगळी तिकिटं असतील तर मधल्या गावी सामान पट्ट्यावरून घ्यायचं, बाहेर यायचं, पुन्हा काउंटरवर रांग, पुन्हा सुरक्षा तपासणी. काउंटर साधारण ६० मिनिटं आधी बंद होतं. १ तास १० मिनिटांतून ६० वजा करा. आईच्या हातात दहा मिनिटं होती. विमान अगदी वेळेवर आलं असतं तरी ते जमणारं नव्हतं.

माझा आता नियम असा: एकाच पीएनआरवर किमान दीड तास, म्हाताऱ्या माणसाबरोबर दोन. वेगळी तिकिटं घ्यावीच लागली तर किमान चार तास, आणि हिवाळ्यात सकाळचं पहिलं विमान असेल तर मधे मुक्कामच. मुंबईला किंवा दिल्लीला बदलायचं असेल तर टर्मिनलही बघा. मुंबईचं टी१ आणि टी२ यांत रस्त्याने जावं लागतं, दिल्लीचं टी१ आणि टी३ यांतही.

भरपाईबद्दल थोडक्यात. कंपनीने ठरलेल्या मुदतीत न कळवता उड्डाण रद्द केलं आणि कारण तिच्या हातातलं असलं, तर डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) नियमांप्रमाणे परतावा किंवा दुसऱ्या विमानाबरोबरच भरपाईही देय असते. ती ब्लॉक टाइमवर ठरते: एका तासापर्यंत ५,००० रुपये, एक ते दोन तास ७,५००, दोन तासांवर १०,००० रुपये, किंवा मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यातलं जे कमी ते. धुकं, वादळ, पाऊस यात भरपाई नाही. पण रद्द झालं तर परतावा किंवा दुसरं विमान मागता येतं, आणि ते मागा.

६. उजेड आणि हवा

मोठ्या विमानतळावर इन्स्ट्रुमेंट लँडिंग सिस्टिम असते. कमी दिसत असतानाही विमान त्या रेडिओ संकेतांवर धावपट्टीशी सरळ रेषेत येतं. ज्या छोट्या विमानतळावर ती नाही, तिथे वैमानिकाला धावपट्टी लांबून डोळ्यांनी दिसावी लागते. पूर्ण डोळ्यांच्या भरवशावर उडायचं तर ५ किलोमीटर दृश्यमानता हवी, आणि सूर्यास्तानंतर २० मिनिटांपासून दुसऱ्या दिवशी सूर्योदयाच्या २० मिनिटं आधीपर्यंत तसं उडता येत नाही. त्यातच छोटे विमानतळ दिवसातले ठरावीक तासच सुरू असतात. विमान तीन तास उशिरा निघालं आणि समोरच्या विमानतळाची वेळ संपली, तर ते निघतच नाही.

याचा उपयोग असा करा. डिसेंबर-जानेवारीत शक्य असेल तर सकाळचं अगदी पहिलं विमान टाळा. जून ते सप्टेंबर डोंगराळ विमानतळांसाठी एक दिवस हाताशी ठेवा. लग्न, परीक्षा, कोर्टाची तारीख, दवाखान्याची वेळ असेल तर आदल्या दिवशीच पोचायचं ठरवा, मग ऋतू कुठलाही असो.

७. घर ते घर बेरीज

आता वहीत मांडा. आईच्या प्रवासाची मांडणी मी नंतर अशी केली:

गोंदियातलं घर ते बिरसी: ४० मिनिटं
विमानतळावर आधी पोचणं: १ तास ३० मिनिटं
गोंदिया-हैदराबाद ब्लॉक टाइम: १ तास ३० मिनिटं
हैदराबादला थांबणं: ३ तास
हैदराबाद-जगदलपूर ब्लॉक टाइम: १ तास २० मिनिटं
सामान घेऊन ताईच्या घरी: ४० मिनिटं

एकूण ८ तास ४० मिनिटं. ५५ मिनिटांच्या जागी. निघणारा नागपूरचा असेल तर यात गोंदियापर्यंत रेल्वेचे दोनेक तास मिळवा.

मग दुसरे मार्ग याच्या शेजारी मांडा. गाडीने गोंदियाहून जगदलपूरला आम्हाला नऊ तास लागले होते, चहा-जेवण धरून. रेल्वेने गोंदियाहून रायपूरला अडीच-तीन तास, पण रायपूरहून जगदलपूरला थेट रेल्वे नाही. जगदलपूरचा रूळ कोरापुटवरून विशाखापट्टणमकडे जातो. त्यामुळे रायपूरहून पुढे बस, सहा-सात तास, मधे केशकालचा घाट.

म्हणजे वेळेच्या हिशोबात तिन्ही जवळपास सारखेच. तरी आम्ही आईसाठी विमान निवडलं, कारण तिचे गुडघे. गाडीत सलग बसणं आणि घाटातली वळणं तिला सोसत नाहीत. हैदराबादला ती व्हीलचेअरवर होती आणि मधे पाय लांब करून बसली. माझ्यासारखी एकटी, धडधाकट बाई असेल तर मी रायपूरची रेल्वे आणि रात्रीची बस सुचवेन. बेरीज सारखी आली की निर्णय प्रवाशाच्या तब्येतीवर सोडा.

८. कागदपत्रं आणि सामान

सरकारी फोटो ओळखपत्र मूळ प्रत: आधार, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना किंवा पासपोर्ट. तिकिटावरचं नाव ओळखपत्रासारखंच हवं. आईच्या आधारवर वडिलांचं नाव मधे आहे आणि तिकिटावर नव्हतं, तेव्हा काउंटरवर प्रश्न विचारले गेले.
लहान बाळासाठी जन्मदाखला.
अरुणाचलला जाणाऱ्यांनी इनर लाइन परमिट (राज्यात शिरण्याचा परवाना), लक्षद्वीपच्या अगत्तीला जाणाऱ्यांनी प्रवेश परवाना. हे आधी काढायचं, विमानतळावर गेल्यावर नाही.
व्हीलचेअर हवी असेल तर ४८ तास आधी कंपनीला कळवून तिकिटावर नोंद करून घ्या. एटीआरला मागच्या बाजूने छोट्या जिन्याने चढायचं असतं, तेही सांगून ठेवा.

सामान सहसा १५ किलो चेक-इन आणि ७ किलो हातात, पण छोट्या विमानांवर मर्यादा कमी असू शकते, तिकिटावर बघा. एटीआरमध्ये डोक्यावरचा कप्पा लहान असतो, मोठी ट्रॉली बॅग त्यात बसत नाही. पॉवर बँक हातातल्या पिशवीत, चेक-इनमध्ये चालत नाही. मिरचीचं लोणचं हातात नेऊ देत नाहीत, नीट बांधून चेक-इनला टाका. घरी वजनकाटा नसेल तर किराणावाल्याकडे बॅग मोजून घ्या. गोंदियाहून निघणाऱ्या प्रत्येक बॅगेत तांदूळ असतोच आणि तो अंदाजापेक्षा जड भरतो.

९. परतीचा हिशोब वेगळा

जातानाची बेरीज उलटी करून परतीची म्हणून वापरू नका. परतीच्या विमानाचे वार वेगळे असू शकतात, हैदराबादचा थांबा कमी-जास्त होतो, आणि दुपारचं विमान असेल तर धुक्याऐवजी विमानतळाच्या बंद होण्याच्या वेळेची काळजी करावी लागते. लांबच्या जेट प्रवासात वाराही मोजावा लागतो: हिवाळ्यात वरचे वारे पश्चिमेकडून जोरात वाहतात, म्हणून पूर्वेकडे जाताना लागतो त्यापेक्षा पश्चिमेकडे परतताना जास्त वेळ लागतो.

पायरी ४ पासून सगळं पुन्हा करा, कॅलेंडरच्या नव्या पानावर. आईचं परतीचं तिकीट मी तसंच काढलं: एकच पीएनआर, हैदराबादला साडेतीन तास, व्हीलचेअरची नोंद, माझा स्वतःचा नंबर. ती नऊ तासांत घरी पोचली, आणि थैलीत तांदळाच्या जागी ताईने दिलेली बस्तरची चिंच होती.